झडप उघडते, झडप उघडतो: ट्रॅक्टरच्या लोडरमधील रिलीफ व्हॉल्व्ह आणि स्पष्टीकरणपर लेखन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• ट्रॅक्टरच्या पुढील लोडरमध्ये दाब कसा निर्माण होतो व रिलीफ व्हॉल्व्ह त्याला मर्यादा कशी घालतो, हे स्पष्ट करता येईल.
• दाब, बल आणि प्रवाह या संज्ञांतील भेद सांगता येईल.
• तांत्रिक प्रक्रियेचे वर्णन करताना क्रियापद आणि कर्ता यांची निवड अर्थावर कसा परिणाम करते, हे उदाहरणांसह दाखवता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण वर्णनपर आणि स्पष्टीकरणपर लेखनातील फरक पाहिला. वर्णन ‘काय आहे’ हे सांगते. स्पष्टीकरण ‘असे का होते’ हे सांगते. या घटकात आपण एकच यंत्रभाग घेऊन त्याचे स्पष्टीकरण पायरीपायरीने रचणार आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर एका स्वाध्यायात आहे.

काही वर्षांपूर्वी संपर्कसत्रात मी ‘आपल्या कामातील एखादी घटना’ हा विषय लेखनासाठी दिला होता. ट्रॅक्टरवर लोडर चालवणाऱ्या एका विद्यार्थ्याने चारच वाक्ये लिहून दिली : ‘लोडर उचलत नव्हता. प्रेशर वाढवले. दुसऱ्या दिवशी होज फुटला आणि बकेट खाली आली. खाली कोणी नव्हते म्हणून वाचलो.’

व्याकरणाच्या दृष्टीने चारही वाक्ये निर्दोष होती. तरीही ती वाचून काही कळत नव्हते. लोडर का उचलत नव्हता? प्रेशर कोणी वाढवले, आणि कशाने? होज फुटण्याचा आणि प्रेशर वाढवण्याचा संबंध काय? मी विद्यार्थ्याला हे प्रश्न विचारले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्यांची उत्तरे समजण्यासाठी मलाच आधी त्या यंत्राविषयी शिकावे लागणार आहे. पुढील विवेचन त्या शिकण्यातून तयार झाले आहे.

२. विषय-विवेचन

२.१ दाब कोठून येतो?

ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या लोडरला दोन लांब भुजा असतात आणि त्यांच्या टोकाला बकेट. भुजा उचलण्याचे काम हायड्रॉलिक सिलिंडर करतात. गावोगावचे मेकॅनिक त्यांना ‘जॅक’ म्हणतात. इंजिनावर चालणारा पंप टाकीतील तेल ओढतो आणि कंट्रोल व्हॉल्व्हकडे ढकलतो. चालक लीव्हर हलवतो, तेव्हा कंट्रोल व्हॉल्व्ह ते तेल जॅकच्या एका बाजूला सोडतो. जॅकमधील दट्ट्या सरकतो आणि भुजा वर जाते.

येथे एक समज दूर करायला हवा. ‘पंप दाब तयार करतो’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात पंप केवळ प्रवाह देतो, म्हणजे दर मिनिटाला ठरावीक तेल पुढे ढकलतो. दाब निर्माण होतो तो त्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधामुळे. बकेट रिकामी असेल तर विरोध थोडा आणि दाबही थोडा. बकेट मातीने भरली की तेच तेल, त्याच पंपातून, अधिक दाबाने पुढे सरकते. भार जितका, तितका दाब.

बंदिस्त द्रायूवर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. त्याचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, प्रसिद्ध झाला. याच नियमाच्या आधारे जोसेफ ब्रामा याने इंग्लंडमध्ये १७९५ साली द्रवदाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. आजचा लोडर त्याच घराण्यातला आहे.

नियमाचा व्यवहारातील अर्थ एका हिशेबाने पाहू. जॅकच्या आतील व्यास ६ सेंटिमीटर असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब १८० बार आहे असे धरू. एक बार म्हणजे साधारणपणे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाइतके बल. २८ गुणिले १८० म्हणजे सुमारे ५,००० किलो. एका जॅकमागे पाच टन. जॅक भुजेच्या खिळीजवळ जोडलेला असतो आणि बकेट दूर टोकाला असते. त्यामुळे तरफेच्या नियमानुसार बकेटपाशी यातील थोडाच हिस्सा उचलण्याच्या कामी येतो. पण खिळा, भुजांचे वेल्डिंग आणि जॅकची टोके यांना मात्र ते टनांतील बल दर वेळी सोसावे लागते.

२.२ तेलाला वाट उरली नाही तर?

आता बकेट पूर्ण वर गेली आहे, दट्ट्या जॅकच्या टोकाला टेकला आहे आणि चालकाने लीव्हर तसाच ओढून धरला आहे, अशी कल्पना करा. किंवा बकेटचे दात जमिनीत गाडलेल्या खडकाखाली अडकले आहेत. इंजिन सुरू आहे, म्हणजे पंप फिरतो आहे, म्हणजे तेल येतच आहे. पुढे मात्र जागा नाही.

हवा असती तर ती दबून आकसली असती. तेल तसे करत नाही. दाब १८० बारपर्यंत नेला तरी त्याचे आकारमान साधारण शेकडा एकाने कमी होते, इतकेच. त्यामुळे वाट बंद होताच दाब सेकंदाच्या लहानशा भागात वर चढतो, आणि जोवर काही तुटत नाही किंवा इंजिन बंद पडत नाही, तोवर चढतच राहतो. तुटणारी वस्तू साखळीतील सर्वांत दुबळी कडी असते : घासलेला होज, जॅकचे सील, पंपाचे कवच किंवा त्याचा दांडा.

म्हणून तेलाला एक राखीव वाट ठेवावी लागते. ती एरवी बंद असते आणि दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की उघडते. ही वाट म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. मराठीत त्याला जादा दाबाची सुटका करणारी झडप म्हणता येईल.

२.३ झडपेची रचना

ही कल्पना आपल्या स्वयंपाकघरात रोज काम करते. प्रेशर कुकरच्या झाकणावर एक लहान भोक असते आणि त्यावर वजन म्हणजे शिट्टी बसवलेली असते. वाफेचा दाब वजनाला उचलण्याइतका झाला की शिट्टी वर होते, वाफ निसटते, दाब उतरतो आणि शिट्टी पुन्हा खाली बसते. डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर शिजवण्याचे जे बंद भांडे बनवले, त्यावरही वजनाने दाबून ठेवलेली झडप होती.

रिलीफ व्हॉल्व्हमध्ये वजनाच्या जागी स्प्रिंग असते, कारण उंचसखल जमिनीवर हिंदकळणाऱ्या यंत्रात वजन स्थिर राहणार नाही. एका गोल बैठकीवर शंकूच्या आकाराचे टोक किंवा पोलादी गोळी टेकलेली असते. तिला मागून स्प्रिंग दाबून धरते. स्प्रिंगच्या मागे स्क्रू असतो. तो आवळला की स्प्रिंग अधिक दबते आणि झडप उघडायला अधिक दाब लागतो. बैठकीच्या भोकाचा व्यास १ सेंटिमीटर असेल, तर १८० बार दाबाला तेल त्या टोकावर सुमारे १४० किलोंचे बल लावते. स्प्रिंग नेमकी तितक्याच बलाने दाबलेली असेल, तर १८० बारला झडप उघडू लागते आणि जादा तेल टाकीकडे परत जाते. दाब उतरला की स्प्रिंग टोकाला पुन्हा बैठकीवर बसवते.

झडप एका क्षणात पूर्ण उघडत नाही. ती किंचित किलकिली होते तो दाब आणि पंपाचे सगळे तेल तिच्यातून जाऊ लागते तो दाब यांत थोडे अंतर असते. थेट स्प्रिंगवर चालणारी झडप चटकन प्रतिसाद देते, पण तिच्यात हे अंतर जास्त असते. दुसऱ्या प्रकारात एक छोटी झडप आधी उघडते आणि तिच्यामुळे मोठी झडप उघडते. तिच्यात हे अंतर कमी असते व दाब अधिक स्थिर राहतो.

झडप उघडली की एक चिरका, ताणलेला आवाज येतो आणि इंजिनावर भार पडतो. हा आवाज म्हणजे यंत्राची सूचना आहे. पंपाचा प्रवाह मिनिटाला ४० लिटर आणि दाब १८० बार असेल, तर झडपेतून जाणाऱ्या तेलात १२ किलोवॅट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने मिसळते. पाणी तापवायच्या हजार वॅटच्या बारा कांड्या एकदम टाकीत सोडल्यासारखेच हे आहे. टाकीत ४० लिटर तेल असेल तर ढोबळ हिशेबाने ते दर मिनिटाला दहा अंशांच्या आसपास तापते. तापलेले तेल पातळ होते, सील कडक पडतात आणि गळती वाढते. म्हणून आवाज येताच लीव्हर सोडावा. झडप संकटासाठी आहे, तिच्यावर टेकून काम करण्यासाठी नाही.

२.४ एक झडप पुरत नाही

वर सांगितलेली मुख्य झडप पंप आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्या दरम्यान, बहुधा कंट्रोल व्हॉल्व्हच्या तोंडाशी असते. ती पंपाकडून येणाऱ्या दाबाला आवर घालते. पण चालक लीव्हर मधल्या स्थितीत ठेवतो, तेव्हा कंट्रोल व्हॉल्व्ह जॅककडचा मार्ग बंद करतो. जॅकमधील तेल तेथेच कोंडले जाते, आणि त्यामुळेच बकेट वर टिकून राहते.

अशा स्थितीत भरलेली बकेट घेऊन ट्रॅक्टर खड्ड्यातून गेला, तर बकेटचा झटका कोंडलेल्या तेलावर बसतो. दाब पंपाने वाढवलेला नसतो. तो बाहेरून आलेला असतो. मुख्य झडपेपर्यंत तो पोहोचूच शकत नाही, कारण मधले दार बंद आहे. म्हणून अनेक लोडरांत कंट्रोल व्हॉल्व्ह आणि जॅक यांच्या दरम्यान आणखी झडपा बसवतात. त्या मुख्य झडपेपेक्षा काहीशा वरच्या दाबाला उघडतात. जॅकच्या एका बाजूचे तेल असे निसटले की दुसऱ्या बाजूला पोकळी होऊ शकते. ती भरून काढण्यासाठी टाकीकडून तेल आत घेणारी एकमार्गी झडप सोबत असते.

२.५ झडप काय करत नाही

स्पष्टीकरणात वस्तूच्या मर्यादाही सांगाव्या लागतात, नाहीतर वाचकाचा भलताच विश्वास बसतो. रिलीफ व्हॉल्व्ह जादा दाब सोडतो. होज फुटल्यावर कोसळणारी बकेट तो थांबवू शकत नाही. त्यासाठी जॅकवरच वेगळी रोधक झडप असावी लागते आणि ती प्रत्येक लोडरवर असतेच असे नाही. म्हणून उचललेल्या बकेटखाली कधीही उभे राहू नये. उतरण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी. होज सोडवायचा असेल तर बकेट टेकवून इंजिन बंद करावे आणि लीव्हर पुढे-मागे हलवून कोंडलेला दाब मोकळा करावा.

बकेट उंच धरून वळताना ट्रॅक्टर कलंडण्याचा धोकाही या झडपेने टळत नाही. तसेच होजला सुईएवढे छिद्र पडले तर त्यातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम ठिपक्याएवढी दिसली तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. गळती हाताने चाचपू नये; पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी.

२.६ ‘जोर नाही’ म्हणजे काय?

आता भाषेकडे वळू. लोडर नीट चालत नसेल तर चालक म्हणतो, ‘लोडरला जोर नाही.’ रोजच्या बोलण्यात ‘जोर’ हा शब्द दाब, बल, वेग, शक्ती या सगळ्यांचे काम करतो. बोलण्यात ते चालते, पण दुरुस्तीत चालत नाही.

बकेट वर जाते, पण फार सावकाश जाते, असे असेल तर प्रश्न बहुधा प्रवाहाचा आहे : तेल कमी, फिल्टर तुंबलेला किंवा पंप झिजलेला. बकेट रिकामी असताना झपाट्याने वर जाते, पण भरल्यावर हलतच नाही, असे असेल तर प्रश्न दाबाचा किंवा भाराचा आहे : झडपेच्या बैठकीवर कचरा अडकला असेल, स्प्रिंग सैल पडली असेल, किंवा बकेटमध्ये क्षमतेहून अधिक माल असेल. एकाच शब्दाच्या जागी दोन नेमके शब्द वापरताच दोष शोधण्याची दिशा बदलते. परिभाषा ही केवळ पंडितांची गरज नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

याउलट, ‘व्हॉल्व्ह’ की ‘झडप’ हा वाद फार ताणू नये. हृदयाच्या झडपा हा प्रयोग मराठीत रुळलेला आहे, तसा कारखान्यात ‘व्हॉल्व्ह’ रुळलेला आहे. पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्दांची गाठ घालून द्यावी, म्हणजे वाचक दोन्हींकडून विषयापर्यंत पोहोचतो. मात्र दाबाला मधेच ‘ताण’ आणि मधेच ‘भार’ म्हणू नये. ललित लेखनात पुनरुक्ती टाळणे हा गुण असेल. येथे तो दोष ठरतो.

२.७ क्रियापद आणि कर्ता

मराठीत काही क्रियापदांच्या जोड्या आहेत : फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे. पहिल्या रूपात क्रिया आपोआप घडते; दुसऱ्यात ती कोणीतरी करतो. ‘उघडणे’ या क्रियापदाला मात्र अशी जोडी नाही. ‘झडप उघडते’ हे अकर्मक आणि ‘चालक झडप उघडतो’ हे सकर्मक वाक्य एकाच धातूवर उभे आहे. भूतकाळात तर भेद आणखी पुसट होतो. ‘चालकाने झडप उघडली’ यातील ‘चालकाने’ गाळले की ‘झडप उघडली’ एवढे उरते, आणि ती आपोआप उघडली की कोणी उघडली हे वाक्यावरून कळत नाही.

लोडरमध्ये हा भेद महत्त्वाचा आहे. कंट्रोल व्हॉल्व्ह चालक उघडतो; रिलीफ व्हॉल्व्ह दाबाने आपोआप उघडतो. म्हणून लिहिताना पहिल्या ठिकाणी कर्ता द्यावा आणि दुसऱ्या ठिकाणी कारण द्यावे : ‘चालकाने लीव्हर ओढून झडप उघडली’, ‘दाब १८० बारला पोहोचल्यामुळे झडप उघडली.’

आता विद्यार्थ्याचे वाक्य पुन्हा पाहा : ‘प्रेशर वाढवले.’ ‘वाढवणे’ सकर्मक आहे, म्हणजे वाढवणारा कोणीतरी आहे. पण तो वाक्यात नाही. ‘होज फुटला’ या अकर्मक वाक्यात तर कोणी असण्याची गरजच उरत नाही. जणू होज स्वतःच्या मर्जीने फुटला. अपघातांचे वृत्तान्त पुष्कळदा याच वळणाने लिहिले जातात. त्यात खोटे काही नसते; फक्त कारण गळून पडलेले असते. आणि कारण गळाले की तोच अपघात पुन्हा घडायला मोकळा राहतो.

चर्चेनंतर त्या विद्यार्थ्याने दुसरा मसुदा लिहिला :

‘बकेट ओल्या मातीने काठोकाठ भरली होती. लोडर ती उचलत नव्हता आणि रिलीफ व्हॉल्व्ह आवाज करत होता. मेकॅनिकने गेज न लावता त्याचा स्क्रू दोन आटे आवळला. मी त्याला अडवले नाही. दुसऱ्या दिवशी भरलेली बकेट पूर्ण वर गेल्यावर मी लीव्हर तसाच ओढून धरला. झडप पूर्वीच्या दाबाला उघडली नाही. दाब वाढला, जुना घासलेला होज फुटला आणि बकेट खाली आली. माझा सोबती नुकताच पाणी आणायला गेला होता.’

या मसुद्यात प्रत्येक क्रियेला कर्ता किंवा कारण आहे. ‘मी त्याला अडवले नाही’ हे वाक्य मी सुचवलेले नव्हते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, यंत्रात मुळात बिघाडच नव्हता हे आता दिसते. भार जास्त होता आणि झडप तेच सांगत होती.

स्क्रू आवळल्याने काय होते, याचा हिशेब आपण २.१ मधील आकड्यांनी करू शकता. दाब १८० वरून २२० बारवर नेला तर प्रत्येक जॅकचे बल पाच टनांवरून सहा टनांच्या वर जाते. लोडर ‘चांगला’ उचलू लागतो, पण खिळा, वेल्डिंग आणि ट्रॅक्टरचा पुढचा आस होता तेवढाच मजबूत राहतो. नव्या होजची फुटण्याची मर्यादा कामाच्या दाबाच्या सुमारे चौपट ठेवलेली असते. उन्हाने, घासण्याने आणि वारंवार बसणाऱ्या दाबाच्या झटक्यांनी ती हळूहळू घटत जाते. म्हणून दाब तपासायचा तो गेज लावून आणि निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडूनच. तेथे दिलेल्या आकड्यापलीकडे स्क्रू नेऊ नये.

३. समारोप

पंप प्रवाह देतो, भार दाब निर्माण करतो, वाट बंद झाली की दाब झपाट्याने चढतो, आणि स्प्रिंगने धरलेली झडप ठरलेल्या मर्यादेला उघडून तेल टाकीकडे परत पाठवते. स्पष्टीकरणाचा हा कणा आहे. यातील कोणतीही पायरी गाळली तर पुढची पायरी अधांतरी राहते. आपण आपल्या कामातील कोणत्याही यंत्राविषयी, प्रक्रियेविषयी किंवा प्रसंगाविषयी लिहाल, तेव्हा प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा : हे कोणी केले? हे कशामुळे झाले? ज्या वाक्याला दोन्हींपैकी एकाचेही उत्तर देता येत नाही, ते पुन्हा लिहा.

४. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पंप दाब तयार करतो’ हे विधान सदोष का आहे?
२. लीव्हर मधल्या स्थितीत असताना मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह जॅकचे रक्षण का करू शकत नाही?
३. ‘उघडणे’ या क्रियापदामुळे भूतकाळी वाक्यात संदिग्धता कशी निर्माण होते?

उत्तरे : (१) पंप प्रवाह देतो; दाब प्रवाहाला होणाऱ्या विरोधामुळे येतो. (२) जॅककडील मार्ग बंद असल्याने तेथील दाब मुख्य झडपेपर्यंत पोहोचत नाही. (३) धातूचे अकर्मक व सकर्मक रूप एकच असल्याने कर्ता गाळल्यास दोन्ही वाक्ये सारखी दिसतात.

५. स्वाध्याय

आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणची, स्वतःहून उघडणारी, थांबणारी किंवा बंद पडणारी एक वस्तू निवडा (कुकरची शिट्टी, फ्यूज, पाण्याच्या टाकीतील फ्लोट). ती केव्हा, कशामुळे आणि कशापासून रक्षण करते, तसेच ती काय करू शकत नाही, हे सुमारे ३०० शब्दांत लिहा. लिहून झाल्यावर ते वाचून ती वस्तू रोज हाताळणाऱ्या व्यक्तीला ऐकवा आणि तिने काढलेल्या चुका दुरुस्त करूनच स्वाध्याय पाठवा.